ज्याची पट्टी, त्याची जीभ

लोक मागून मला काय म्हणतात, हे मला एका रिकाम्या बाटलीवरून कळलं. अकरा वर्षं मी त्याच किचनमध्ये, त्याच तीन बायकांबरोबर उभी आहे, पण कुणाच्या तोंडून तो शब्द चुकूनही निसटला नव्हता. याला शिस्त म्हणतात, आणि ती मीच लावली होती.

आधी किचनचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या कंपनीची बत्तीस दुकानं. साबणापासून बिस्किटांपर्यंत सगळं मिळतं, आणि गेल्या वर्षापर्यंत त्यातलं काहीच आमचं स्वतःचं नव्हतं. दुसऱ्यांनी बनवायचं, आम्ही विकायचं. मुख्य गोदामाच्या मागे, जिथे ट्रक उलटे लागतात तिथे, एक लांबट खोली आहे. चार शेगड्या, एक सिंक, स्टीलची दोन टेबलं आणि एक खिडकी, जिच्यातून फक्त ट्रकचे मागचे दिवे दिसतात. विकायला येणारा माल आम्ही चौघी इथे उघडून, लागेल तो शिजवून, चाखून, पास किंवा नापास करतो. मग एके दिवशी मालकांच्या मुलीने, म्हणजे आमच्या मॅडमनी, ठरवलं की आता स्वतःचं लेबल काढायचं. सॉस, जॅम, सूप. पाककृती आमच्या किचनच्या, उत्पादन बाहेरच्या कारखान्यात, आणि नाव कंपनी ठरवणार.

नाव सोडून बाकी सगळं चार महिन्यांत झालं. नावापाशी गाडं अडलं ते अडलंच.

आमच्या किचनची एक रीत आहे. जी बाई पातेलं उतरवते, तिने बाटलीवर कागदी पांढरी पट्टी लावायची आणि तिच्यावर मार्करने आपलं नाव लिहायचं. पहिला चमचा तिने स्वतः चाखायचा. बिघडलं तर तिने उत्तर द्यायचं. आणि नंतर कधीही तिला वाटलं की आतलं आपल्या नावाला शोभत नाही, तर तिने पट्टी उपटायची. पट्टी उपटलेली बाटली सिंकमध्ये ओतली जाते आणि कुणीही का म्हणून विचारत नाही. मोठे मालक होते तेव्हा त्यांनीही कधी विचारलं नाही. ज्याची पट्टी, त्याची जीभ. हे भिंतीवर लिहिलेलं नाही, लिहायची कधी गरज पडली नाही.

माझा टोमॅटो सॉस सतराव्या खेपेला जमला. पूर्ण पिकलेले टोमॅटो, कांदा, थोडी साखर, व्हिनेगर, मीठ, मिरी आणि साडेतीन तास मंद आच. दुसरं काही नाही. मी पातेलं उतरवून हात धुवायला गेले आणि पट्ट्या लिहायचं काम माझ्या हाताखालच्या बाईवर टाकलं. तिला मी चष्मिश म्हणते, पण तोंडावर म्हणते. अठ्ठेचाळीस बाटल्या होत्या. माझं नाव आडनावासकट लांबलचक आहे, आणि बाटल्या कंपनीबाहेर जाणार नव्हत्या, मीटिंगमध्ये सॉस बशांत तीच वाढणार होती. तिने प्रत्येक पट्टीवर बारीक अक्षरात तीनच अक्षरं लिहिली आणि दोन खोकी बंद करून दारापाशी ठेवली, मीटिंग रूमकडे न्यायला.

आता दारापाशी आणखी एक गोष्ट ठेवतात. वाहतुकीत ज्या मालाची लेबलं फाटतात, भिजतात, त्यावर आम्ही पट्टी लावून आत काय आहे ते लिहितो आणि तो माल कोपऱ्यावरच्या आमच्याच दुकानात अर्ध्या किमतीच्या फळीवर जातो. कंपनीत चिकटपट्टी एकाच प्रकारची येते, पांढरी. गाडीवाल्याने पांढऱ्या पट्ट्या पाहिल्या आणि खोकी उचलली. त्याची चूक म्हणावी तर त्याने रोजच्यासारखंच केलं होतं. मीटिंग रूममध्ये कुणी खोकी मागितली नाहीत, कारण ती मीटिंगच आठवडाभर पुढे गेली. चष्मिशला वाटलं मी नेली, मला वाटलं तिने पोचवली.

ती पुढे गेलेली मीटिंग म्हणजे नावाची मीटिंग. नावं आणायला बाहेरून एक माणूस नेमला होता. त्याला आम्ही नाववाले म्हणायचो. नाववाल्यांनी बासष्ट नावं आणली होती आणि पडद्यावर एकेक दाखवत होते. ताजवा. स्वादांकुर. फ्रेशांगण. प्रत्येक नावामागे हिरवं पान किंवा उगवता सूर्य, आणि प्रत्येक नाव म्हणताना ते डोळे अर्धे मिटायचे. मी टेबलाच्या टोकाला बसले होते. एकाही नावाला चव नव्हती, पण मला कुणी विचारलं नाही आणि मीही मूग गिळून बसले. चार महिने पातेल्यापाशी उभी राहिल्यावर बसायला मिळतंय हेच खूप होतं.

दुकानांच्या वतीने कोपऱ्यावरचा मॅनेजर आला होता. शांत माणूस, खिशाला तीन पेनं. एकतिसाव्या नावापाशी त्याने पिशवीतून एक रिकामी, धुतलेली बाटली काढून टेबलावर ठेवली आणि विचारलं की बाकी सगळं राहू द्या, हे कधी येणार. चार दिवसांत अठ्ठेचाळीस गेल्या होत्या. लोक परत येऊन मागत होते. एका बाईंनी तर बाटली धुऊन आणून दाखवली होती, याच नावाचं द्या म्हणून. त्याला वाटलं होतं की कुठल्यातरी नव्या कंपनीचा माल आहे. हल्ली लोक काहीही नावं ठेवतात, असं त्याचं म्हणणं पडलं.

मॅडमनी बाटली फिरवून पट्टी वाचली. मोठ्याने वाचली.

"खडूस," त्या म्हणाल्या. "खडूस कोण?"

चष्मिश चमचे वाटायला आली होती, ती चमच्यांकडे बघत राहिली. ऑफिसातले बाकी सगळे माझ्याकडे बघायचं टाळत होते. एवढ्या जणांनी एकाच वेळी एकाच माणसाकडे बघायचं टाळलं की उत्तर मिळतंच. माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. बाटलीवर अक्षर चष्मिशचं होतं, सॉस माझा होता.

घरी येऊन मी पर्स आपटली आणि आमच्या ह्यांना सगळं सांगितलं. ते वर्तमानपत्रातून वर न बघता म्हणाले, तुला आत्ता कळलं? मी विचारलं, म्हणजे तुम्हाला माहीत होतं? तर म्हणे, तुमच्या मोठ्या मालकांच्या निरोप समारंभाला एका मुलीने मला पाणी आणून दिलं आणि विचारलं, तुम्ही खडूसचे मिस्टर ना. मी हो म्हणालो. मला दोनदा विचार करावा लागला नाही.

त्या दिवशी मी त्यांच्याशी जेवतानाही बोलले नाही. राग नावाचा नव्हता, इतकी वर्षं सगळे मिळून हसले आणि मला वगळलं याचा होता. रागाबरोबर वाईटही वाटत होतं, आणि ते जास्त होतं.

सकाळी चष्मिशला सिंकपाशी उभं केलं. ती आधीच रडवेली होती. मी विचारलं, का.

"काकू, अकरा वर्षांत तुम्ही एकदाही 'चालेल' म्हणाला नाहीत," ती म्हणाली. "एकदाही नाही. बाहेरच्या मालाला नाही, आमच्या मालाला नाही, तुमच्या स्वतःच्याही नाही. सोळा पातेली ओतलीत तुम्ही सॉसची. आम्हाला रडू यायचं. मग असंच पडलं नाव."

मी तिला कांदे चिरायला पाठवलं. ती गेल्यावर मात्र माझ्या लक्षात आलं की मला बरं वाटतंय. तिने शिवी म्हणून सांगितलं होतं आणि माझ्या कानांना ते प्रशस्तिपत्रकासारखं लागलं. हे मी तिला सांगितलं नाही. काही दिवस तिला कांदे चिरू दिले.

इकडे मॅडमनी नाव ठरवून टाकलं. खडूस. जे नाव पट्टीवर लिहून, फळीवर फेकून, जाहिरातीशिवाय खपलं, ते सोडायचं कशाला, हा त्यांचा हिशेब, आणि त्यात चूक नव्हती. नाववाल्यांनी एका दिवसात रंग बदलला. हेच नाव आपल्या मनात पहिल्यापासून होतं, फक्त बोलायची हिंमत नव्हती, असं ते सांगायला लागले. त्यांनी एक चित्र काढून आणलं. अंबाडा घातलेली, भुवया जोडलेली, कमरेवर हात ठेवलेली बाई. खाली वाक्य: इथे 'चालेल' चालत नाही. हे वाक्य चष्मिशकडून गेलं होतं हे उघड होतं. मी अंबाडा घालत नाही. भुवयांबद्दल आमचे हे म्हणाले की तिथे तक्रारीला जागा नाही.

मला ते हवं होतं. खोटं कशाला बोलू? या किचनच्या आधी पंधरा वर्षं मी एका जॅमच्या कारखान्यात होते. तिथल्या बाटलीवर एका गोड आजीचं चित्र असायचं, आजीच्या हातची चव वगैरे. पंधरा वर्षं मी अशा आजीच्या नावाने जॅम ढवळला जी कधी जन्मालाच आली नव्हती. तेव्हा घरी येताना दुकानांच्या काचेत त्या बाटल्या दिसायच्या आणि मी मान वळवायचे. आता काचेत मी असणार होते, वाकडं तोंड करून का होईना.

मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं की तुमची काही हरकत नाही ना. एरवी त्या मला बाई म्हणतात. काम असलं की मी काकू होते. मी म्हटलं, हरकत नाही, एकच गोष्ट. पट्टीची रीत आहे ती पाळायची. कारखान्यातून येणारी प्रत्येक बॅच आधी माझ्यासमोर येईल. मी पास केल्याशिवाय त्यावर हे नाव लागणार नाही. नाववाले होते, कोपऱ्यावरचा मॅनेजर होता, चष्मिश चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

"हो, त्यात काय," मॅडम म्हणाल्या.

तीनच शब्द. मी कागद मागितला नाही. आमच्या किचनमध्ये कागद लागत नाही, आणि मी धरून चालले की केबिनमध्येही लागत नाही. चूक म्हणायची तर ही माझी.

पहिली बॅच आली ती लेबलं लावूनच आली. कारखानदार स्वतः घेऊन आला, बारा बाटल्यांचं खोकं, वर रिबीन. बाकीच्या बारा हजार कारखान्यात तयार उभ्या होत्या. मी त्याला म्हटलं, लेबल आधी आणि चव नंतर, ही कुठली पद्धत. तो हसला. मी बाटली उघडली, पांढऱ्या बशीत चमचाभर सॉस घातला आणि बशी तिरकी केली. खरा सॉस तिरक्या बशीत हळूहळू उतरतो आणि मागे पातळ लाल पाणी सोडतो. हा जागचा हलला नाही. रंग मात्र माझ्या सॉसपेक्षा लाल. जिभेवर आधी गोड, मग आंबट, आणि मग काहीच नाही.

मी चष्मिशकडे हात केला. तिने न सांगता आयोडीनची बाटली दिली. शाळेत मुलं करतात तो प्रयोग: पिठूळ काही असलं तर थेंब काळानिळा होतो. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण कारखानदाराला आरसा दाखवावाच लागला. थेंब पडला आणि बशीतला सॉस शाईसारखा झाला. मी विचारलं, पीठ कळलं, आता गर कशाचा आहे ते सांगा. तो म्हणाला, थोडा भोपळा आहे. थोडा म्हणजे किती हे त्याने सांगितलं नाही. बाटलीच्या मागे बारीक अक्षरात सगळं छापलंय, नियमात आहे, आणि जास्त काही असेल तर मॅडमना विचारा. भ्रमाचा भोपळा म्हणतात तो माझ्यासमोर बशीत होता.

मी मॅडमना विचारायला गेले. त्या चिडल्या नाहीत, उलट मला खुर्ची दिली. सगळेच असं करतात, त्या म्हणाल्या. साडेतीन तास आच कुठल्याही कारखान्याला परवडत नाही. लोकांना लाल, गोड, आंबट एवढंच लागतं. आतलं काही विषारी नाही, लपवलेलं नाही. हे सगळं खरं होतं आणि मी ते मान्य केलं. मी म्हटलं, विका. खुशाल विका. फक्त त्यावर दुसरं नाव लावा. बासष्ट पडलीत.

तेव्हा त्या खुर्चीत मागे टेकल्या. शुक्रवारी बत्तीस दुकानांचे मॅनेजर येणार आहेत. लेबलं लागली आहेत, फलक छापले आहेत. किचनची रीत किचनमध्ये, असं त्यांनी मला समजावलं. आणि खडूस हा शब्द काही माझ्या मालकीचा नाही, अर्ध्या घरांत एकेक खडूस असतो.

"काकू, तुमचंच नाव मोठं होतंय," त्या म्हणाल्या. "एवढं चालवून घ्या."

मी उठले. मला वाटतं मी नमस्कारही केला. बाहेर येऊन पाण्याच्या कूलरपाशी दोन ग्लास पाणी प्यायले. नाव मोठं, लक्षण खोटं. पंधरा वर्षं दुसऱ्याच्या खोट्या आजीसाठी ढवळलं तेव्हा निदान ती खोटी होती. आता खोटं माझ्या तोंडाने बोललं जाणार होतं. कोपऱ्यावरच्या दुकानात बाटली धुऊन आणून दाखवणारी ती बाई पुन्हा येणार, विश्वासाने घेणार, घरी जाऊन बशीत ओतणार, आणि मनात म्हणणार, खडूसनेही चालवून घेतलं. ती मला ओळखत नाही. पण मला तिच्यासमोर खोटं पडायचं नव्हतं.

शुक्रवारचा कार्यक्रम गोदामातच होता. खोकी सरकवून जागा केली होती, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, आणि समोर माझं ते भुवया जोडलेलं चित्र, छतापर्यंत. मला पहिल्या रांगेत बसवलं. नाववाल्यांनी हातात एक कार्ड दिलं. त्यावर माझं भाषण होतं, दोनच वाक्यं: मी खडूस. माझ्याकडे 'चालेल' चालत नाही. एवढं म्हणायचं, बाटली उंच धरायची आणि हसायचं नाही. हसायचं नाही हे त्यांनी तीनदा सांगितलं. त्याची काळजी करू नका, असं मी त्यांना सांगितलं.

मॅडम बोलल्या, कारखानदार बोलला. मग मला बोलावलं. माइक हातात देत नाववाल्यांनी डोळ्यांनी कार्डाकडे खूण केली. समोर बत्तीस मॅनेजर, कुणी दमलेले, कुणी घड्याळ बघणारे. मागे किचनच्या दाराशी आमच्या तिघी.

मी कार्डावरची दोन्ही वाक्यं वाचली. टाळ्या पडल्या. मग मी कार्ड टेबलावर ठेवलं.

"आमच्या किचनमध्ये एक रीत आहे," मी म्हटलं. "ज्याची पट्टी, त्याची जीभ. या बाटलीवर माझं नाव आहे. आतलं मी बनवलेलं नाही आणि पास केलेलं नाही. त्यात भोपळा आहे आणि पीठ आहे. तुम्हाला विकायचं असेल तर विका, ते तुमचं तुम्ही बघा. मी माझी पट्टी काढतेय."

आणि मी माइक टेबलावर ठेवून लेबलाला नख लावलं.

इथे माझी फजिती झाली. कागदी पट्टी एका झटक्यात निघते. छापील लेबल निघत नाही. मी ओढलं तर अर्धा अंबाडा निघाला आणि भुवया तशाच राहिल्या. मी नखं घासली. माइक चालू होता, त्यामुळे खरखर साऱ्या गोदामात घुमत होती. कुणीतरी हसलं. मग चार-पाच जण हसले. नाववाले पुढे आले, मला म्हणाले, पुरे आता, मी घेतो. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि ते होते तिथेच थांबले. माझं नख मुळापासून दुखत होतं, चेहरा तापला होता, आणि बाटलीवरची बाई अर्ध्या तोंडाने माझ्याकडे रागाने बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आता हे अर्धवट राहणार.

तेवढ्यात माझ्या शेजारी चष्मिश होती. एका हातात गरम पाण्यात पिळलेलं फडकं, दुसऱ्या हातात बोथट सुरी. फाटकी लेबलं काढायला आम्ही तीच वापरतो, अकरा वर्षं तेच तर करतोय. तिने माझ्याशी काही न बोलता फडकं बाटलीला गुंडाळलं, मनात तीसपर्यंत मोजलं, मी बाटली धरली आणि तिने सुरी खालून वर फिरवली. काम नेहमीसारखं स्वच्छ. आता कुणी हसत नव्हतं. उरलेलं लेबल एकसंध निघालं आणि सुरीला लोंबत राहिलं. मी नागडी बाटली टेबलाच्या मधोमध ठेवली.

मॅडम उठून काही बोलणार होत्या. त्याआधी कोपऱ्यावरचा मॅनेजर उभा राहिला. खिशातली तीन पेनं नीट केली.

"माझ्याकडे बिननावाचा माल अर्ध्या किमतीच्या फळीवर जातो," तो म्हणाला. "हा तिथे ठेवतो. खडूस म्हणून ठेवणार नाही. ते मागणारी माणसं माझ्या तोंडओळखीची आहेत."

मागच्या रांगेतल्या दोघांनी माना हलवल्या. बाकीचे बुटांकडे बघत होते. बत्तीसपैकी तीन. क्रांती वगैरे काही झाली नाही. चहा आला आणि लोकांनी तो घेतला.

मॅडमनी मला गोदामाच्या दारापाशी गाठलं. आवाज अजिबात चढलेला नव्हता. सोमवारपासून येऊ नका, त्या म्हणाल्या. आता बाई नाही आणि काकूही नाही.

"चालेल," मी म्हटलं.

चष्मिश माझ्या मागेच होती. मी कशाला तरी 'चालेल' म्हटलेलं तिने अकरा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. मागून तोंड दाबल्यासारखा आवाज आला. हसू दाबत होती की रडू, मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर माझंच अवघड झालं असतं.

नऊ दिवस मी घरी होते. ते नऊ दिवस आमच्या ह्यांना विचारा. त्यांचा चहा मी रोज नापास केला, डब्यांतली डाळ रंगाप्रमाणे लावली, खिडकीच्या गजांवरून बोट फिरवून दाखवलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं की तुला पश्चात्ताप होतोय का. मी म्हटलं, नोकरीचा होतोय, पट्टीचा नाही. ते म्हणाले, मग ठीक आहे, आणि स्वतःच चहा करायला उठले. माणूस वाईट नाही. साखर मात्र जास्त टाकतो.

फोन चष्मिशचा आला. बारा हजार बाटल्यांवर आता नवं लेबल चिकटवलं होतं, जुन्याच्या वरून. ताजवा. हिरवं पान, उगवता सूर्य. एका कोपऱ्यातून अजूनही माझी एक भुवई दिसते, असं ती म्हणाली. माल दुकानांत गेला आणि खपतोय, वाईट नाही. मॅडम चुकीचं बोलल्या नव्हत्या, लोकांना लाल, गोड, आंबट पुरतं. पण तीन मॅनेजरांनी मागणीच्या चिठ्ठीत माझाच पहिला सॉस लिहिलाय, प्रत्येक वेळी, लाल पेनाने. मग आणखी दोघांनी लिहिलाय. आणि आमच्या कंपनीत मॅनेजरची चिठ्ठी मोठ्या मालकांच्या वेळेपासून कुणी परत पाठवत नाही. आठवड्याला अठ्ठेचाळीस बाटल्या, किचनमध्येच बनवायच्या, म्हणजे एक पातेलं. चिठ्ठीवर मॅडमची सही आहे. मला परत बोलावल्याचा निरोप मात्र त्यांचा नाही, ऑफिसचा आहे.

मी विचारलं, पास कोण करणार?

"पट्टी तुमची आहे," चष्मिश म्हणाली.

मी मंगळवारी गेले. मॅडम व्हरांड्यात समोरून आल्या आणि त्यांना त्याच क्षणी फोनमध्ये काहीतरी महत्त्वाचं दिसलं. मीही थांबले नाही. छतापर्यंतचं ते चित्र गुंडाळी करून किचनच्या कोपऱ्यात उभं केलं होतं. आम्ही ते उलगडून मागच्या कोऱ्या बाजूने टेबलावर अंथरलं, कांदे चिरायला बरं पडतं. पहिलं पातेलं मी साडेतीन तासांनी उतरवलं, चाखलं आणि ओतून दिलं. टोमॅटो कच्चे होते. मागे कुणीतरी सुस्कारा सोडला, आणि तो मी ऐकला हे त्यांना कळेल इतक्या हळू मान वळवली.

दुसरं पातेलं जमलं. बाटल्या भरल्या, झाकणं लागली. चष्मिश मार्कर घेऊन पहिल्या पट्टीपाशी उभी राहिली आणि अडखळली. मागच्या वेळी तिने हे माझ्या पाठीमागे लिहिलं होतं. आता मी समोर होते.

"काकू, काय लिहू?" तिने विचारलं.

"तेच लिही," मी म्हटलं. "आणि बारीक नको. दुकानाच्या दारातून वाचता आलं पाहिजे."